ओलं चित्र ठेवायला जागा

स्टुडिओसाठी गाळा बघायला जाल तेव्हा मालकाला आधी भाडं विचारू नका. आधी मोरी बघा. पाणी किती वेळ येतं, साठवायला टाकी आहे का आणि वापरलेलं पाणी कुठे जातं, हे कळलं की मगच पुढचं बोलणं. स्टुडिओ म्हटलं की सगळे उजेडाचं बोलतात, पाण्याचं कुणी बोलत नाही. मग शिल्प करणारा पोरगा प्लॅस्टरची बादली बेसिनमध्ये रिकामी करतो, पाइपात त्याचा दगड होतो आणि खालचा भाडेकरू वर भांडायला येतो. प्लॅस्टर, शाडू, ॲक्रिलिकचं दाट पाणी यांच्यासाठी दोन मोठ्या बादल्या वेगळ्या ठेवा. रात्रभर गाळ खाली बसू द्या. वरचं पाणी सावकाश ओता, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात टाका. पहिल्या दिवसापासून ही सवय लावलीत तर घरमालकाशी होणारी निम्मी भांडणं वाचतील.

तुम्ही पाच-सहाजण मिळून नाशकात सामाईक स्टुडिओ काढताय हे कळल्यापासून मनात जे जे येतंय ते लिहून काढते आहे. जन्मभर मी शाळेत चित्रकला शिकवली. चांगल्या हाताची मुलं पुष्कळ पाहिली. त्यांतली फार थोडी पुढे चित्रं काढत राहिली. हात कमी पडला म्हणून थांबलेली मला आठवत नाहीत. बहुतेकांची चित्रकला जागेपायी सुटली. कॉलेज संपलं की तिथलं टेबल जातं. घरी दोन खोल्या. रोज संध्याकाळी चित्र आवरून भिंतीला टेकवायचं, ओल्या रंगाला कुणाचा तरी शर्ट लागायचा, मग घरच्यांची बोलणी खायची. हळूहळू चित्राचा आकार वहीएवढा होतो आणि एक दिवस वहीही मिटते. नव्या चित्रकाराला प्रदर्शन, सत्कार, पेपरातली बातमी हे सगळं नंतर लागतं. आधी लागते ती ओलं चित्र आहे तसं सोडून घरी जाता येईल अशी जागा, आणि दुसऱ्या दिवशी येऊन ते बघणारा एखादा जाणता डोळा. या दोन गोष्टी देता आल्या तर तुमचा स्टुडिओ चालला असं मी समजेन.

आता जागा कुठे घ्यायची. तुमच्यातल्या दोघांचा जीव जुन्या नाशकातल्या वाड्यावर आहे, हे मला माहीत आहे. तिवंध्यापासून भांडीबाजारापर्यंतच्या त्या गल्ल्या, लाकडी खांब, चौकातून खाली उतरणारा उजेड, कुणाला मोह होणार नाही! पण तळमजला घेऊ नका. सराफबाजार, दहीपूल, भांडीबाजार हा सगळा भाग गोदावरीच्या पुरात येतो. 2008, 2016 आणि 2019 साली काय झालं ते तिथल्या दुकानदारांना विचारा. पाणी किती चढलं हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे आणि नारोशंकराच्या घंटेकडे बघून सांगतात. तुम्ही ते जागा घेण्याआधी विचारून घ्या. वरचा मजला मिळत असेल तर वाडा जरूर बघा, पण जमिनीवर आणि तुळयांवर टिचकी मारून बघा. वाळवी लागलेल्या घरात स्ट्रेचरच्या पट्ट्या वर्षभरात पोखरल्या जातात. शिल्पाचं वजन जुन्या माडीवर चढवायचं नाही, हे तर सांगायलाच नको.

माझं मत विचाराल तर सातपूर किंवा अंबडच्या बाजूचा गाळा बरा. पत्र्याखाली उन्हाळा काढावा लागेल, पण तिथे ग्राइंडर चालवला तर कुणी तक्रार करत नाही, थ्री फेजची वीज मिळते, टेम्पो दारात लागतो आणि शेजारीच लेथवाले, वेल्डर, लेझर कटिंगवाले असतात. एमआयडीसीतला गाळा असेल तर मालकाकडे तो पोटभाड्याने द्यायची महामंडळाची परवानगी आहे का, ते कागदावर बघा. तोंडी "चालतंय हो" वर विसंबून सामान हलवू नका.

करार तुमच्यातल्या एकाच्या नावावर करू नका. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो. ती जबाबदारी मालकाची आहे, पण पाठपुरावा तुम्ही करा. सगळ्यांची नावं घाला, जागा कलाकामासाठी अनेकजण मिळून वापरणार हे स्पष्ट लिहून घ्या, आणि डिपॉझिटमध्ये कुणाचे किती हे वेगळ्या कागदावर सर्वांच्या सह्यांनिशी ठेवा. मैत्रीत कागद कशाला, असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल. मैत्री टिकावी म्हणूनच कागद हवा.

याचा दाखला शोधायला नाशकाबाहेर जायला नको. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. 1913 साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट झाला आणि त्यानंतर त्यांनी आपलं काम नाशिकला आणलं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, रंग, कॅमेरा, छपाई सगळ्याला हात लावलेला हा माणूस. त्याच्याभोवती नट, सुतार, रंगारी, फिल्म धुणारे असं गोकुळ जमलं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत आणि उरलेल्या वेळात फिल्मला भोकं पाडायला, ती धुवायला बसत. सामाईक स्टुडिओ म्हणजे काय याचं इतकं जिवंत उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मग 1918 च्या जानेवारीत भागीदारांचं भांडवल आलं, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि लवकरच भागीदारांशी खटके उडू लागले. फाळके राजीनामा देऊन काशीला निघून गेले. पुढे परत आले, पण जुने दिवस परत आले नाहीत. पैसा आणणाऱ्याने काय ठरवायचं आणि काम करणाऱ्याने काय, याची सीमा आधी आखली नाही की असं होतं. म्हणून तुम्ही सुरुवातीलाच ठरवा: हिशेब एकाने ठेवायचा, दर वर्षी माणूस बदलायचा, आणि कुणी काय चित्र काढायचं यावर हिशेब ठेवणाऱ्याला अवाक्षर काढता येणार नाही. आणि स्वयंपाक, चहा, झाडलोट हे एकट्या सरस्वतीबाईंवर पडू देऊ नका. तुमच्यातल्या मुली चहा करतील हे गृहीत धरलंत तर मला ते कळेल, आणि मी येऊन रागवेन.

भाडं कसं वाटायचं यावर माझं ठाम मत आहे. सगळ्यांनी सारखं भरायचं हे दिसायला न्याय्य, पण नोकरी असलेला आणि कालच कॉलेज सुटलेला यांना सारखा भार सोसत नाही. जागा किती वापरता आणि मिळकत किती, दोन्ही बघून ठरवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बसा. विजेला सबमीटर लावा. भट्टी किंवा वेल्डिंग चालवणाऱ्याने त्याचं बिल भरायचं. बँकेत सामाईक खात्यात तीन महिन्यांचं भाडं कायम पडून राहिलं पाहिजे. ते जमेपर्यंत स्टुडिओच्या नावाची पाटीसुद्धा रंगवू नका. संस्था नोंदवायची घाईही नको. 1860 च्या कायद्याखाली नोंदणीला किमान सात सभासद लागतात, मग विश्वस्त कायद्याखालची नोंदणी, वार्षिक हिशेब, ऑडिट. एक-दोन वर्षं नुसतं काम करा. तेवढ्यात कोण टिकतं ते कळतं. मग नोंदणी करा, कारण अनुदान मागायला ती लागतेच.

मोठ्या माणसाच्या उदारपणावर उभी राहिलेली जागा किती चांगली असते आणि किती कच्ची असते, याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. मुंबईत वॉर्डन रोडला नामवंत वकील भुलाभाई देसाईंचा बंगला होता. 1946 साली ते वारल्यावर त्यांच्या सूनबाई मधुरीबेन यांच्या पुढाकाराने तिथे भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट उभी राहिली. नाममात्र भाड्यात चित्रकारांना खोल्या मिळाल्या. वासुदेव गायतोंडे तिथे काम करत, हुसेन करत. नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या थिएटर युनिटच्या तालमी तिथेच, रविशंकरांची 'किन्नर' संगीतशाळा तिथेच. गोव्याहून आलेल्या, जे. जे.तून नुकत्याच बाहेर पडलेल्या प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, यांनाही तिथे स्टुडिओ मिळाला. गायतोंडे त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. पंचविशीतल्या मुलीला भिंतीपलीकडे असा माणूस काम करताना दिसतो, शेजारच्या खोलीत सतार लागते, गच्चीवर नाटक चालतं. हे कुठल्या अभ्यासक्रमात बसवणार? आज त्यांच्या नावाची संस्था देशभरच्या तरुण कलाकारांना पुरस्कार देते. मला त्यात त्या जुन्या खोलीचं ऋण दिसतं. पण ती वास्तू कलाकारांची नव्हती. दिवस बदलले, जमिनीला भाव आला, बंगला गेला आणि तिथे उंच इमारत उभी राहिली.

याच्या उलट मद्रासजवळचं चोळमंडल. के. सी. एस. पणिकर हे तिथल्या कलाशाळेचे प्राचार्य. मुलं शिकून बाहेर पडतात आणि कारकुनी करतात, हे त्यांना बघवेना. मग मुलांनी बाटिक, धातूकाम, हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, त्या पैशातून समुद्रकाठी जमीन घेतली आणि 1966 साली कलाग्राम वसवलं. दिवसाचा काही भाग पोटासाठी, उरलेला स्वतःच्या चित्रासाठी. ते गाव आजही आहे. तुम्हाला आज नाशकात जमीन घेणं जमणार नाही, पण मिळकतीचा एक हिस्सा सामाईक खात्यात टाकण्याची त्यांची रीत तर घेता येईल. स्टुडिओच्या नावाने आलेल्या प्रत्येक कामातला दहावा भाग वेगळा काढा. लहान रक्कम असली तरी काढा.

पोटाच्या कामाची लाज बाळगू नका. चित्रकार प्रभाकर बरवे कितीतरी वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, बनारसला आणि मुंबईला. कापडाचे नमुने काढता काढता त्यांची चित्रं घडत होती. नाशकात कामं आहेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वर्ग घ्या. आठवड्यातले दोन दिवस दिलेत तर भाड्याचा मोठा भाग त्यातून निघेल. शाळांच्या भिंती आहेत, द्राक्षमळ्यांच्या बाजूची नवी हॉटेलं आहेत, आणि 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने भिंती रंगवायची कामं निघतील. अशी कामं स्टुडिओच्या नावाने घ्या, एकेकट्याने दर पाडून घेऊ नका. एक तृतीयांश रक्कम आगाऊ, रंगाचं बिल वेगळं, आणि रेखाटन मंजूर झाल्यावर दोनदाच बदल, हे लिहून घ्या. आणि एक बंधन स्वतःवर घाला: सगळेच्या सगळे एकाच वेळी भिंतीवर चढायचं नाही. दोघांनी तरी त्या महिन्यात स्वतःचं काम करत राहायचं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोघांनी. नाहीतर वर्षभरात तुमचा स्टुडिओ पेंटिंग कंत्राटदाराची कचेरी होतो. असं झालेलं मी पाहिलं आहे आणि त्यातली मुलं वाईट नव्हती.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या जागेत एक टेबल मोकळं ठेवा. दर सहा महिन्यांनी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली एखादी मुलगी किंवा मुलगा तिथे बसेल. त्याच्याकडून भाडं घ्यायचं नाही. किल्ली द्यायची. निवडताना नुसते टक्के आणि पारितोषिकं बघू नका. वह्या बघा, आणि ज्याला घरी काम करायला जागाच नाही त्याला आधी घ्या. पेठ, सुरगाण्याहून येणारा मुलगा असेल तर शेवटच्या एसटीची वेळ त्याच्या डोक्यात सतत वाजत असते. त्याच्यासाठी एक घडीची खाट आणि पांघरूण कपाटात असू द्या, आणि रात्री राहण्याबद्दल मालकाशी आधीच बोलून ठेवा. या नव्या माणसाला तुमचे ब्रश धुवायला, कॅनव्हास ताणायला, चहा आणायला लावायचं नाही. जुन्या काळी हाताखाली राबूनच शिकत हे मला माहीत आहे. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या चित्रपट कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल तसेच घडले. पण तिथे त्यांच्या घडण्याची काळजी वाहणारा गुरू होता. तुम्ही गुरू नाही, तीन-चार वर्षांनी मोठे सोबती आहात. त्याचा वेळ हाच तुम्ही त्याला दिलेला आधार आहे, तो परत काढून घेऊ नका.

मुलींच्या बाबतीत आणखी. स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर ती जागा घेऊच नका. प्रत्येक मुलीकडे स्वतःची किल्ली हवी. कुणाला फोन करून दार उघडून घ्यावं लागलं की ती येणं कमी करते. गल्लीत दिवा आहे का, रिक्षा कुठपर्यंत येते, संध्याकाळी सातनंतर तिथे वर्दळ असते का, हे मुलांनी बघून येऊन सांगायचं नाही. मुलींनी स्वतः संध्याकाळी जाऊन बघायचं. लग्न झालेली, कडेवर मूल असलेली चित्रकर्ती तुमच्याकडे येईल तेव्हा एका कोपऱ्यात सतरंजी टाका आणि तिला आठवड्यातल्या दोन सकाळी हक्काच्या द्या. चांगला हात असलेल्या माझ्या कितीतरी विद्यार्थिनी त्या दोन-चार वर्षांत गळाल्या. त्या वेळी कुणी फक्त दोन सकाळी दिल्या असत्या तर आज त्यांची चित्रं भिंतींवर दिसली असती.

कामाच्या सुरक्षेचं थोडक्यात सांगते, पण हे पाठ करा. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन उघडं ठेवायचं नाही, एक्झॉस्ट फॅन कामाच्या उंचीला हवा. फायबरचं काम, रेझिन, ग्राइंडिंग हे बाहेर आणि मास्क लावूनच. आणि त्याच्या शेजारी जलरंगवाल्याचं टेबल मांडू नका, धूळ ओल्या कागदावर बसते. एचिंगचं ॲसिड कुलपात. पावसाळ्यात कागद बाहेरच्या भिंतीला लागून ठेवले की बुरशी धरतात, तेव्हा मांडणी आतल्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर वर. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं, म्हणून सहा ते अकरा काम करा आणि दुपारी हिशेब, फोटो, पत्रव्यवहार. खिडकी उत्तरेची मिळाली तर भाग्य. पश्चिमेची असेल तर दुपारी तीननंतर रंग ठरवू नका.

चित्र बघण्याचा एक वार ठरवा. एक भिंत पांढरी, रिकामी ठेवा. त्या दिवशी एकाचं काम तिथे लागेल. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, काढणाऱ्याने तर नाहीच. मग ज्याला जे दिसलं ते सांगायचं. "छान" हा शब्द वापरायचा नाही. काय दिसतंय, नजर कुठे अडते, कुठला भाग नसता तरी चाललं असतं, हे बोला. मुंबईत चाळीसच्या दशकात रझा, आरा, हुसेन ही मंडळी घडत होती तेव्हा हिटलरच्या धाकाने युरोप सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेझिंगर त्यांच्या भोवती होते. त्यांनी चित्रं विकत घेतली हे खरंच, पण त्याआधी त्यांनी ती नीट बघितली, त्यावर बोलले, पुस्तकं उघडून दाखवली. नाशकात असा माणूस शोधा. तो चित्रकारच हवा असं नाही. कवी चालेल, वास्तुविशारद चालेल, तांबट लेनमधला हातोडी चालवणारा कारागीर तर फारच चांगला.

नाशकाची ओळख निसर्गचित्रांची. शिवाजी तुपे सरांनी घाट, देवळं, वाडे असे काही रंगवले की पुढच्या पिढ्या ब्रश घेऊन थेट गोदाकाठी बसायला लागल्या. तुमच्यातला एकजण व्हिडिओ करतो, एकजण भंगारातून काहीबाही जोडतो. त्यांना घाटावरची चित्रं जुनाट वाटतात, आणि घाटावर बसणाऱ्यांना यांचं काम कळत नाही. दोघांना एका छताखाली ठेवा. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून रेखाटनाला जा, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून अंबडच्या भंगाराच्या दुकानात जा. आपल्या मातीतला माल वापरून जगभर पोचता येतं हे चंद्रपूरजवळच्या सास्तीच्या प्रभाकर पाचपुते यांनी दाखवलं आहे: खाणीचा मुलूख, कोळशाने काढलेली भिंतभर चित्रं. नाशकाकडे तांबं आहे, येवल्याचा माग आहे, मालेगावचे यंत्रमाग आहेत, द्राक्षांच्या पेट्यांचा पुठ्ठा आहे, कारखान्यांचा पत्रा आहे. यातून काय होईल ते मी सांगू शकत नाही, तेच तुम्ही शोधायचं.

बाहेर चित्रं पाठवण्याची शिस्तही एकत्र लावा. एक जाड वही करा: चित्राचं नाव, माप, माध्यम, वर्ष, आत्ता कुठे आहे. चित्र जागेबाहेर गेलं की नेणाऱ्याची सही आणि परत करायची तारीख, मग तो मित्र असो की मोठं हॉटेल. माझ्या एका विद्यार्थ्याची चित्रं एका हॉटेलात "प्रदर्शनासाठी" गेली ती परत आलीच नाहीत, कारण कागदच नव्हता. स्वतःहून काढलेलं चित्र विकलं तरी त्याच्या प्रती छापण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. पण पैसे घेऊन कुणाच्या मागणीवरून काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळं लिहून घेतलं नसेल तर, मागणाऱ्याकडे जातो. भिंतीचं काम घेताना हे आठवा. किंमत सगळीकडे एकच ठेवा. गॅलरीत एक आणि स्टुडिओत येणाऱ्याला त्याहून कमी, असं केलंत की गॅलरी पुन्हा विचारत नाही.

मुंबईला दोघांनी महिन्यातून एकदा तरी जावं, सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघून संध्याकाळी तिनेच परत. प्रदर्शनं बघा, नुसतं उद्घाटनांना गर्दी करू नका. जहांगीरची तारीख मिळायला वर्षं जातात, तेव्हा अर्ज आत्ताच करा, पण त्या तारखेच्या वाटेकडे डोळे लावून बसू नका. बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, राज्य कला प्रदर्शन, 18 ते 25 वयाच्या तरुणांसाठी केंद्राच्या संस्कृती खात्याची दोन वर्षांची शिष्यवृत्ती, कोचीची विद्यार्थी बिनाले, या सगळ्यांच्या मुदती एका तक्त्यावर लिहून दारामागे लावा आणि अर्ज एकत्र बसून भरा. इंग्रजीत लिहिता येत नाही म्हणून अर्ज न करणारी मुलं मला ठाऊक आहेत. ज्याला येतं त्याने दुसऱ्याचं लिहून द्यावं, पण विचार त्याचाच ठेवावा. मोठे कॅनव्हास न्यायचे असतील तर स्ट्रेचरवरून काढून जाड पाइपावर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि तिथे पुन्हा ताणा. एका 'छोटा हत्ती' टेम्पोत सगळ्यांची चित्रं मावतात, कसारा घाट एकदाच उतरायचा.

वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि गणपतीनंतर, स्टुडिओ सगळ्यांना खुला ठेवा. आमंत्रण आधी शेजारच्या वर्कशॉपवाल्यांना, तुम्हाला पत्रा कापून देणाऱ्या कामगारांना, चहावाल्याला. मग शाळांच्या चित्रकला शिक्षकांना. शेवटी पाहुणे मंडळी. लहान मापाची, हजार-दोन हजारांतली कामं त्या दिवशी ठेवा. नाशकातला डॉक्टर, प्राध्यापक, बागाईतदार पहिलं चित्र घेतो ते लहानच घेतो. ते घरात टिकलं की मोठ्यासाठी येतो.

तुमच्यातलं कुणीतरी जाईल. बडोद्याला जाईल, परदेशात जाईल, नोकरी धरेल. मुंबईच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप 1947 साली झाला, 1949 ला सूझा लंडनला गेले, 1950 ला रझा पॅरिसला. बाबूराव पेंटरांकडून बाहेर पडून शांताराम-दामले-फत्तेलाल यांनी 1929 साली प्रभात फिल्म कंपनी काढली. जाणाऱ्याचा राग धरू नका. त्याचं डिपॉझिट पंधरा दिवसांत परत द्या, चित्रं वहीतून वजा करा, आणि त्याची जागा मोकळ्या टेबलावरच्या मुलाला द्या.

आणि हे वाचणाऱ्या नाशिककरांना एक विनंती. सातपूर, अंबड, पंचवटी, जुनं नाशिक, इथे ज्यांचा एखादा गाळा, वाड्याची माडी किंवा गोदाम वर्षानुवर्षं कुलपात आहे, त्यांनी तो दोन वर्षांसाठी अशा मुलांना निम्म्या भाड्यात द्यावा. करार पक्का करावा, अनामत घ्यावी, मुदत संपल्यावर जागा परत घ्यावी. दान म्हणून देऊ नका, भाडेकरू म्हणून द्या. फक्त एक अट त्यांच्यावर घाला, की त्यांतलं एक टेबल नव्या मुलासाठी मोकळं राहील.